टॉलेफसनचा फाटा

नेब्रास्कातल्या त्या रेल्वे यार्डात रुळांना नावं पडायची रीत सोपी होती. कंपनीच्या नकाशावर आकडे असत, पण ते नकाशापुरतेच. ज्याने ज्या रुळावर डबे घसरवले त्याचं नाव त्या रुळाला चिकटायचं, आणि माणूस मेला तरी निघायचं नाही. एल्मर ह्रुस्काच्या नावाचा रूळ नव्हता. चाळीस वर्षं गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे फिरवले पण एकही डबा खाली उतरवला नाही, असं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. निरोपाच्या भाषणासाठी आरशासमोर नम्र चेहरा करायचा सरावही त्याने केला होता, पण चेहरा काही जमत नव्हता.

खरी गोष्ट बावीस वर्षं त्याच्या पोटात होती. धान्याच्या कोठारांमागच्या फाट्यावर मक्याचे तीन डबे घसरले, ते एल्मर सांधा अर्धवट फिरवून कॉफी प्यायला पळाला म्हणून. चौकशीत मात्र त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "सांधा चोख होता. गाडीच जोरात आली." इंजिन ड्रायव्हर टॉलेफसनला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं, मग दुसऱ्या यार्डात पाठवलं, आणि फाट्याला त्याचं नाव पडलं. टॉलेफसन चकार शब्द बोलला नाही. एल्मरने त्याला मनातल्या मनात मूर्ख ठरवून टाकलं, कारण दुसरं काही ठरवलं असतं तर स्वतःचीच झोप उडाली असती.

सोमवारी टॉलेफसनची मुलगी इन्ग्रिड नवी सांधेवाली म्हणून एल्मरच्या हाताखाली आली. बाप गेल्या हिवाळ्यात वारला होता. दहाच्या सुमाराला रेडिओवर यार्डमास्तर बर्डेटचा आवाज आला, "एल्मर, चार रिकामे डबे टॉलेफसनवर ढकल."

हातमोजे चढवता चढवता इन्ग्रिड थांबली. तिने मान खाली घातली.

गप्प बसणं एल्मरला छान जमायचं. शुक्रवारपर्यंत सहज निभावलं असतं. पण ही पोर पुढची तीस वर्षं रोज हे ऐकणार, या विचाराने त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने रेडिओचं बटण दाबलं.

"बर्डेट, सांधा मी अर्धवट ठेवला होता. टॉलेफसनचा काही दोष नव्हता."

सगळं यार्ड ऐकत होतं. एल्मरने डोळे मिटले. खरं सांगायचं तर त्याला जरा थोरही वाटलं.

"माहीत आहे," बर्डेट म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अरे बाबा, बर्फात तुझ्या बुटांचे ठसे सांध्यापासून थेट कॉफीच्या किटलीपर्यंत होते! सगळ्यांनी पाहिले. साहेब येईपर्यंत टॉलेफसननेच ते पायाने मोडले. म्हणाला, 'एल्मरची पोरं लहान आहेत, तो आपणहून बोलेल.'"

"मग इतकी वर्षं त्याचं नाव का घेत होतात?"

"तुझ्या कानावर पडावं म्हणून, गाढवा. आम्हाला वाटलं, आठवडाभरात बोलशील."

एल्मरने रेडिओ खाली केला. इन्ग्रिडच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"बाबा दर ख्रिसमसला बर्डेटकाकांना फोन करायचे," ती म्हणाली. "एकच विचारायचे, 'बोलला का तो?'"

गेल्या ख्रिसमसलाही विचारलं होतं का, हे तिला विचारायची एल्मरची हिंमत झाली नाही.