माझ्या पोटात ओतलेला अर्क

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. मित्रांनो, जवळ येण्याआधीच सांगून टाकते, माझ्या तोंडाला वास येतो. सडक्या लसणाचा आणि आंबलेल्या गुळाचा. मला राखेने घासलं, उन्हात पालथं ठेवलं, कडुनिंबाचा पाला उकळून आत ओतला, तरी तो जात नाही. त्या वासाची मला किळस येते, आणि ज्याने तो माझ्यात भरला त्याची त्याहून जास्त.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतं ते आर्णीच्या एका दवाखान्यातलं फडताळ. तिथे मन्सूरभाई कंपाउंडर होते. ते आम्हा बाटल्यांना सोड्याच्या गरम पाण्यात धूत आणि एकेकीला उजेडात धरून बघत. आत ठिपका दिसला तर पुन्हा धूत. तेवढी स्वच्छ मी पुढे कधीच झाले नाही.

१९६१ च्या हिवाळ्यात धरमसिंग नायक दवाखान्यात आले. जवळच्याच बंजारा तांड्याचे ते नायक, म्हणजे प्रमुख. वय पन्नाशीच्या आतलं. चढावर छातीत दाटून येतं म्हणाले. डॉक्टरांना त्यांच्या पापण्यांवर पिवळ्या गाठी दिसल्या. घरात आणखी कोणाला आहेत का, असं त्यांनी विचारलं. थोरल्या भावाला होत्या, तो पंचेचाळिसाव्या वर्षी औतामागे चालता चालता पडला, असं नायकांनी सांगितलं. मग नागपूरला रक्त तपासून आणलं. रक्तात चरबी फार होती. कोलेस्टेरॉल हा शब्द तेव्हा दवाखान्यातही नवा होता.

डॉक्टरांनी तूप कमी करायला सांगितलं आणि पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. मन्सूरभाईंनी त्या माझ्यात भरल्या, वर नायकांच्या नावाची चिठ्ठी डकवली आणि नायकांना व त्यांच्या बायकोला, लालीबाईला, समोर बसवून समजावलं.

“नायकसाब, गोळी घेतली का तोंड लाल होईन, अंग गरम होईन. घाबरू नका, थोड्या वेळानं उतरते. उपाशापोटी मात्र घेऊ नका. लय तरास झाला तं इकडं या, डॉक्टरसाब गोळी कमी करतीन.”

ते माझे मानाचे दिवस होते. लालीबाई मला भिंतीतल्या देवळीत ठेवायची आणि जेवण झाल्यावर हात धुऊनच माझं बूच काढायची. नायकांचं तोंड लाल व्हायचं, ते ओट्यावर बसून वारा घ्यायचे, मग सगळं शांत व्हायचं. चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. चरबी बरीच उतरली होती. लालीबाईने त्या दिवशी मला पदराने पुसलं.

आता त्या नसाबाचं सांगते. तांड्याची पंचायत बसते तिला नसाब म्हणतात. नायकांनी तांड्यात दारूबंदी केली होती. कोणी पिऊन नसाबात आला असा संशय आला, तर नायक त्याला जवळ बोलावून तोंडाचा वास घेत. वास आला की तो माणूस बाहेर. त्या दिवशी रामसिंग नावाच्या माणसाचा निवाडा होता. त्याने मोहाची दारू पिऊन बायकोला मारलं होतं. नायक सकाळीच, न जेवता निघाले. मला बंडीच्या खिशात घातलं आणि वाटेत उपाशापोटीच गोळी गिळली.

नसाब भरला आणि नायकांचे कान तापले. तोंड, मान, छाती लालबुंद झाली. ते मान खाजवू लागले, घाम पुसू लागले. त्यांनी रामसिंगला वास घ्यायला जवळ बोलावलं, तेव्हा तो जागचा हललाही नाही.

“नायक, माह्या तोंडाचा वास कायले घेता? आधी आपलं तोंड पाहा.”

नायकांनी गडबडून मला खिशातून काढलं, वर धरलं आणि ही डॉक्टरची गोळी आहे म्हणाले. मित्रांनो, तपकिरी बाटली, लाल तोंडाच्या माणसाच्या हातात. रामसिंग म्हणाला, “बाटलीच तं हाय.” सगळा नसाब हसला. म्हातारे म्हातारेसुद्धा हसले. बायकोला बडवून आलेल्या माणसाच्या विनोदावर ते हसणं मला अजून ओंगळ वाटतं.

घरी येऊन नायक म्हणाले, हे औषध उष्ण आहे, आपल्या अंगाला सोसत नाही. मन्सूरभाईंना सांगा, ते गोळी कमी करतील, असं लालीबाई परोपरीने सांगत राहिली. पण एवढी फजिती झाल्यावर आता दवाखान्यातही जाऊन रडगाणं गायचं का, असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. नायकाचा मान त्यांना छातीपेक्षा मोठा वाटला.

पुढच्या बाजारात जडीबुटी विकणारा नागोराव भेटला. तो सतरंजी पसरून बसायचा. डॉक्टरच्या गोळ्या रक्त जाळतात, माझा लसणाचा अर्क रक्तातली चरबी लोण्यासारखी वितळवतो आणि अंगाला थंड पडतो, असं तो ओरडत होता. थंड हा शब्द ऐकला आणि नायक थांबले. गिऱ्हाईकाने आपली बाटली आणायची अशी तिथली पद्धत होती. नायकांनी उरलेल्या गोळ्या गटारात टाकल्या आणि मला पुढे केलं.

रॉकेलचा जुना डबा. त्यात काळसर, तारा सुटलेलं पाणी. नागोरावने ते छत्रीच्या दांडीने ढवळलं. वर माशी तरंगत होती, ती बोटाने काढली, बोट धोतराला पुसलं आणि तेच बोट माझ्या तोंडावर ठेवून गळ्यापर्यंत ओतलं. ज्या मला मन्सूरभाई उजेडात धरून बघायचे! लसणाशी माझं भांडण नाही. चटणीत तो छानच लागतो. पण औषधाच्या जागी घाण बसवायची आणि वर हसत हसत ‘नायक, आता निर्धास्त राहा’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

चिठ्ठी मात्र तशीच राहिली. पावसाळ्यात ताप आला म्हणून नायक दवाखान्यात गेले, तेव्हा मी पिशवीत होते. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली आणि औषध चालू आहे ना, असं विचारलं. नायक हो म्हणाले. बाहेर गर्दी होती. कोणी माझं बूच काढलं नाही. तिथेच फुटून जावं असं मला वाटलं.

१९६३ च्या उन्हाळ्यात, शेताच्या चढावर नायकांच्या छातीत कळ आली. ते बसले. त्यांनी मला तोंडाला लावलं आणि मोठा घोट घेतला. तो शेवटचा. त्यांच्या ओठांची थरथर माझ्या काचेला कळली, आणि माझ्यात देण्यासारखं काहीच नव्हतं.

नागोराव तोवर दुसऱ्या गावच्या बाजारांना लागला होता.

वर्षभराने लालीबाईला थोरल्या मुलाच्या, फुलसिंगच्या, पापणीवर पिवळी गाठ दिसली. ती त्याला आणि मला घेऊन दवाखान्यात गेली. मन्सूरभाईंनी मला हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. तिने त्यांना सगळं सांगितलं. फुलसिंगचं रक्त तपासून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्यांनी नव्या बाटलीत भरल्या. मला बाजूला सारलं. वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबरच होतं.

लालीबाईने मला फेकलं नाही. फुलसिंग पहिल्यांदा लाल तोंडाने नसाबात बसला, तेव्हा रामसिंगच्या बाजूने खसखस पिकली. नसाबात बाया बोलत नसत. लालीबाई उठली, पदराखालून मला काढलं आणि रामसिंगपुढे धरलं.

“हुंग. फुलसिंगचा बाप गोळी सोडून हे पेला अन् गेला. तुमच्या हसण्यापायी सोडली त्यानं गोळी. आता ज्याले माह्या लेकाले हसाचं हाय त्यानं आधी हे हुंगावं.”

रामसिंगने मान फिरवली. तिने मला त्याच्या नाकाशी धरून ठेवलं. मग शेजारच्याकडे दिलं. एकेक करून सगळ्या नसाबाने माझा वास घेतला, त्या म्हाताऱ्यांनीसुद्धा. कोणी हसलं नाही.

मित्रांनो, औषधाने त्रास झाला तर ज्याने दिलं त्याला जाऊन सांगा. लाजून गप्प बसू नका. आणि औषध घेणाऱ्याला हसू नका. आता मी फुलसिंगच्या देवळीत, गोळ्यांच्या नव्या बाटलीशेजारी, बूच न लावता असते. लालीबाईने मला तिथेच ठेवायला सांगितलं आहे.