मी बीनबॅग आणि रेवतीचं 'ग्रँड'

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर फिदीफिदी हसायला नको. मी एक जुनी बीनबॅग आहे. कधीकाळी माझा रंग छान जांभळा होता. आता भाजून गार झालेल्या वांग्यासारखी दिसते. मला पाय नाहीत, पाठ नाही आणि कणा तर नाहीच नाही. पोटात थर्मोकोलचे बारीक दाणे आहेत, आणि जो बसेल त्याच्या आकाराची मी होते. कुणी नवं माणूस खोलीत आलं की मला अजून लाज वाटते. अंग चोरावंसं वाटतं, पण माझं अंग एवढं ऐसपैस की चोरून ठेवणार कुठे!

आयर्लंडमधल्या एनिस गावात एक कम्युनिटी कॉलेज आहे. त्याच्या 'वेलबीइंग रूम'मध्ये, रेडिएटरच्या शेजारी माझा मुक्काम असतो. मराठी कुठून शिकलीस म्हणाल, तर माझं माहेरच मराठी. मी आठल्यांकडची.

आठल्यांच्या घरी मी आले ती पापडासारखी चपटी, घडी घातलेली. दाणे वेगळ्या पिशवीत होते. उपेंद्र आठल्ये जवळच्या शॅनन गावात ऑपरेशनच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने पिशवी फोडली आणि निम्मे दाणे हॉलभर उडाले. पडद्यांना चिकटले, केसांना चिकटले, झटकावे तर हाताला चिकटले. त्यांची बायको निवेदिता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इंजिनियर ना रे तू? साधी पिशवी फोडता येत नाही?" छोटी रेवती मात्र त्या पांढऱ्या पसाऱ्यात लोळून हसत होती. पुढे कितीतरी महिने पोह्यांच्या डब्यात माझे दाणे सापडायचे.

ते दिवस माझ्या कौतुकाचे. गणपतीला मराठी मंडळातली माणसं यायची आणि माझ्यावर बसायला पोरांची मारामारी व्हायची. एकदा भारदस्त विक्रांतकाका हौसेने बसले आणि नेमकी आरती सुरू झाली. त्यांना काही केल्या उठता येईना! दोघांनी हात धरून ओढलं तेव्हा कुठे ते उभे राहिले. सगळे पोट धरधरून हसले. मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं. देवासमोर असं करतात का?

रेवतीचा अभ्यास माझ्यावर, खाणं माझ्यावर, रुसणंही माझ्यावर. मार्क कमी पडले की ती तोंड माझ्या कुशीत खुपसायची आणि जे कुणाला सांगायचं नाही ते मला सांगायची. मग घरात चामड्याचा सोफा आला. त्याच्याशेजारी मी गबाळी दिसू लागले. माझी चेन तुटली होती, तिथे सेफ्टी पिन आली. मला जिन्याखाली, बुटांच्या शेजारी ढकलण्यात आलं. नवरा-बायकोने एक दिवस ठरवलं, "कॉलेजवाले जुनं सामान मागताहेत, देऊन टाकू." मी गाडीच्या डिकीतून इकडे आले. निघताना कुणी मागे वळून बघितलं नाही. असो.

या खोलीची मालकीण म्हणजे ऑरला. अभ्यासात मागे पडलेली, वर्ग चुकवणारी, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली पोरं ती हुडकून काढते, चहा पाजते, बोलतं करते आणि गाडी पुन्हा रुळावर आणते. पोरं येतात ती थेट माझ्यावर धपकन. वाटायचं, चला, म्हातारपणी का होईना, आपण कामाला आलो.

आणि मग गेल्या सप्टेंबरात दार उघडून रेवतीच आली! मला बघून ती थबकली. "यू? हिअर?" म्हणाली आणि मला एक सणसणीत चापटी मारली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण ती इथे का आली होती, ते ऐका. तिला नर्स व्हायचं होतं. बारावीसारख्या इथल्या मोठ्या परीक्षेत तिचे गुण कमी पडले आणि युनिव्हर्सिटी हुकली. या कॉलेजात नर्सिंगच्या आधीचा एक वर्षाचा कोर्स आहे; तो पुरा केला की ते दार पुन्हा उघडतं. आई सगळ्यांना सांगायची, "रेवतीला कॉलेज मिळालं." खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त कुठलं कॉलेज म्हणून कुणी विचारलं की निवेदिताचा आवाज खाली यायचा. तो खाली आलेला आवाज रेवतीला बरोब्बर ऐकू यायचा.

सुरुवात छान झाली. ऑक्टोबरात मात्र तिला प्रत्यक्ष कामासाठी गावातल्या एका वृद्धाश्रमात पाठवलं. त्यानंतर ती भलत्याच वेळी खोलीत येऊ लागली. बाहेर वर्ग चालू आणि ही आपली माझ्यात रुतलेली. एके दुपारी खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा तिने लहानपणीसारखं तोंड माझ्यात खुपसलं आणि सांगितलं. ब्रायडी नावाच्या आजींच्या पायाची जखम धुताना तिला भोवळ आली होती. ती पलंगाशेजारीच कोसळली. जिची सेवा करायला गेली, त्या आजींनीच अंथरुणात पडल्या पडल्या घंटा वाजवून हिच्यासाठी माणसं बोलावली. रेवती त्या दिवसापासून तिकडे फिरकली नव्हती. तिथले तास भरले नाहीत तर कोर्स पुरा होणार नव्हता. कोर्स पुरा झाला नाही तर नर्सिंग कायमचं गेलं. हे घरी ठाऊक नव्हतं. ऑरलाला तास बुडताहेत एवढंच कळलं होतं, का ते नाही.

ऑरला विचारायची, "रेवती, कसं चाललंय गं?"

"आय'म ग्रँड."

आता हा शब्द समजून घ्या, कारण त्यानेच घोळ घातला. इकडे ग्रँड म्हणजे भव्यदिव्य काही नाही. चहा देऊ का? ग्रँड, म्हणजे नको. पाय मुरगळला का? ग्रँड. नोकरी सुटली का? ग्रँड. बरं आहे, चाललंय, आणि कृपा करून पुढे विचारू नका, एवढं सगळं त्या एका शब्दात बसतं. रेवती इथेच वाढलेली, तिच्या जिभेवर तो तयारच असायचा. घरी आई मराठीत विचारायची, ही इंग्रजीतून उत्तर द्यायची: ग्रँड. पुण्याची निवेदिता ते आपल्या पद्धतीने ऐकायची. ग्रँड म्हणजे थाटातच की!

नोव्हेंबरात पालकांना कॉलेज दाखवायची संध्याकाळ होती. निवेदिता या खोलीत आली. मी तिला ओळखलं. तिने मला ओळखलं नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही. तिने ऑरलाला विचारलं, "माय डॉटर, हाऊ इज शी?" ऑरला अडचणीत पडली. मुलगी सज्ञान, तिच्यामागे तिच्याबद्दल बोलायचं नाही हा इथला नियम. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आह, शी'ल बी ग्रँड." मला त्या आवाजातली काळजी कळली. निवेदिताचा चेहरा मात्र असा खुलला की मला बघवेना.

पुढच्याच आठवड्यात ती सकाळी डबा घेऊन हजर. बेसनाचे लाडू! ऑरला होती, आणि वर्गाच्या वेळेला रेवती माझ्यात होती. आईला बघताच तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"अगं, तुझा तास नाहीये का?" निवेदिताने विचारलं, आणि उत्तराची वाटही न बघता डबा ऑरलाच्या हातात देऊन इंग्रजीतून म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, ग्रँड होणार म्हणून? मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. नागपूरला सासूबाईंना फोन केला. त्यांनी देवाला साखर ठेवली. सगळे कौतुक करताहेत हो!"

ऑरलाने डबा टेबलावर ठेवला. तिने रेवतीकडे बघितलं. रेवतीने उठायचा प्रयत्न केला, पण तुम्हाला ठाऊकच आहे, माझ्यातून कुणाला पटकन उठता येत नाही. मी तिला सोडत नव्हते असं नाही हो, मला सोडताच येत नाही! अशी मेल्याहून मेल्यासारखी मी कधी झाले नव्हते.

"आई," रेवती म्हणाली आणि चक्क मराठीत बोलू लागली. इंग्रजीत तिच्याजवळ लपायला एक शब्द होता. मराठीत तसला शब्दच नव्हता. "आई, ग्रँड म्हणजे तसं ग्रँड नसतं इथे."

"मग कसं असतं?"

"ग्रँड म्हणजे... ठीक आहे, विचारू नको." आणि मग ती अडखळत, लिंगं-वचनं चुकत सगळं बोलली. "मला चक्कर आला. मी पडली. सगळ्यांच्या समोर. मी परत नाही गेली. मी क्लासला पण नाही जात. आय'म सो अशेम्ड, आई."

निवेदिता मटकन खुर्चीत बसली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "अगं, मी सगळ्यांना सांगून बसले! आता चार लोकांत काय तोंड दाखवू?"

"तेच ना," रेवती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

ऑरलाला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिने टिश्यूचा खोका मधल्या टेबलावर ठेवला आणि रेवतीला हळूच विचारलं, "आता मी बोलू का?" रेवतीने मान हलवली. ऑरला म्हणाली, तास अजून भरून काढता येतील. हवं तर दुसरी जागा शोधू, हवं तर त्याच वृद्धाश्रमाला विचारू. पण विचारायचं तर ते रेवतीनेच, आणि आजच.

रेवती बराच वेळ माझं कापड मुठीत धरून बसली. मग एका कुशीवर वळली, गुडघ्यांवर आली, जमिनीवर हात टेकला आणि उठली. फोन तिने उभं राहूनच केला. माझ्यात बसून असले फोन होत नाहीत, हे मी स्वतः सांगते, वाईट वाटत असलं तरी.

"हॅलो, मी रेवती आठल्ये. ती... ती पडलेली मुलगी." तिकडून वृद्धाश्रमातल्या बाई मोठमोठ्याने काहीतरी बोलत राहिल्या. रेवती ऐकता ऐकता ओठ चावू लागली. "सोमवारी? येस. थँक यू," एवढं म्हणून तिने फोन ठेवला आणि ढसाढसा रडली.

"काय म्हणाल्या? रागावल्या का?" निवेदिता घाबरून उठली.

"नाही. ये म्हणाल्या." रेवतीने बाहीला नाक पुसलं. "ब्रायडी आजी रोज विचारतात म्हणे. त्या मुलीला लागलं का, म्हणून."

एवढं सगळं ऐकून निवेदिताने कितीतरी विचारलं होतं. हे एक विचारलं नव्हतं. तिचा चेहरा लाजेने लालबुंद झाला. मग लेकीजवळ जाऊन, अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "लागलं होतं का गं तुला?"

"हो," रेवती म्हणाली आणि बाही वर करून कोपर पुढे केलं. खरचटल्याचा डाग अजून होता. आईने त्याच्यावर नुसता हात ठेवला.

रेवती सोमवारी गेली. वर्गालाही जाते. तास वेळेत भरतील का, ते मला ठाऊक नाही. माझी शिवण आता खालून उसवते आहे, पोरं नखांनी दाणे उकरतात. जमलं तर कुणीतरी दोन टाके घाला, मित्रांनो. नाही घातलेत तरी चालेल. पण आपलं माणूस पडलं, तर ते कसं पडलं, कुठे पडलं, कुणी कुणी बघितलं, हे सगळं मागाहून विचारा. लागलं का, ते आधी विचारा.