चहाची भीड

खुर्च्यांच्या कारखान्याला सील लागलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य पगार-कारकुनाला वाटलं. खरं तर त्यालाच ते सगळ्यांत कमी वाटायला हवं होतं. कामगारांच्या पगारातून कर कापायचं काम त्याचं आणि तो सरकारात भरायचं काम मालकांचं. कापणाऱ्याने चोख कापला, भरणाऱ्याने कधी भरलाच नाही.

कारखान्यात त्याला ‘बरंभाऊ’ म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं की तो “बरं” म्हणायचा. दर महिन्याला तो मालकांच्या दारात उभा राहून घसा खाकरायचा. “ते कराच्या पावतीचं तेवढं...”

“अहो, या, बसा. चहा घ्या!”

चहा यायचा, बिस्किटंही यायची. आता भरल्या तोंडाने पावती मागायची कशी? बरंभाऊ कप रिकामा करायचा, मिशा पुसायचा आणि पावती न घेताच बाहेर पडायचा. त्याला वाटे, आपल्याला मालकांकडे मान आहे.

सील लागल्यावर रस्त्यात कारखान्यातला सुतार भेटला. “बरंभाऊ, चांगलंच बरं केलंत आमचं!” बरंभाऊने मान खाली घातली आणि पुढची गल्ली आपली नसतानाही तिच्यात शिरला.

नोकरीसाठी तो पहिल्यांदा गेला एका गोदामात. तिथल्या साहेबांनी विचारलं, “कर भरला जात नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? मग तुम्ही लबाड होता की बावळट?”

“बरं,” बरंभाऊ म्हणाला. हे उत्तर होत नाही, हे त्याच्या जिना उतरताना लक्षात आलं.

दुसरी मुलाखत एका लाँड्रीत होती. निघताना बायकोने दार अडवलं. “भीड ही भिकेची बहीण. कर भरता का, हे तिथे आधी विचारायचं. विचारल्याशिवाय घरी यायचं नाही.”

“तिथल्या मालकीणबाई रागावल्या तर?”

“तर नोकरी जाईल. जी अजून लागलेलीच नाही.”

लाँड्रीत वाफ कोंडली होती. मालकीणबाई बाह्या सरसावून चादरींचे डाग तपासत होत्या. त्यांनी चार प्रश्न विचारले, हिशेब करायला लावला आणि म्हणाल्या, “सोमवारपासून या. घ्या, चहा घ्या.”

चहा आला. त्याचा वास थेट पूर्वजन्मातून आल्यासारखा वाटला. बरंभाऊचा हात कपाकडे गेला, आणि बायको आठवून मागे आला.

“बाई, एक विचारायचं होतं.”

“विचारा ना.”

“तसं विशेष काही नाही.” बाई वाट पाहत राहिल्या. त्याला घाम फुटला. वाफ होती म्हणून अब्रू वाचली. “आपण तो... पगारातून कापलेला कर... भरता का?”

शेजारच्या इस्त्रीवालीचा हात थांबला.

“आधीच्या मालकांना विचारलं होतंत हे?” बाईंनी विचारलं.

“विचारायलाच जायचो.”

“मग?”

“चहा यायचा.”

इस्त्रीवाली फिस्सकन हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्यापुढचा कप उचलला आणि स्वतःच एक घोट घेतला.

“भरते. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, एकदा चहावर भुललात तेवढं पुरे. दर महिन्याला माझ्याकडून पावती मागून घ्यायची. ती हातात पडेपर्यंत तुम्हाला इथे चहा नाही. मी आग्रह केला तरी घ्यायचा नाही. जमेल?”

“बरं,” बरंभाऊ म्हणाला. या वेळी ते उत्तर होतं.

घरी बायको दारातच उभी होती. “विचारलंत?”

“विचारलं.”

“लागली नोकरी?”

“लागली.”

“मग तोंड असं का?”

“आधी चहा टाक,” तो चपला काढत म्हणाला. “महिनाअखेरपर्यंत आता तुझाच आधार आहे.”