एकट्याने केलेला खेळ

रुदैनाने कागद स्वतःकडे फिरवून घेतला आणि बोटाने नावं शोधली. शेजारी बसलेल्या कुतैबाच्या नावाखाली तिचं नाव होतं, पुढे लिहिलेलं होतं 'चित्रं'.

"हे काढून टाका," ती म्हणाली.

वकील फव्वाज यांनी चष्मा कपाळावर चढवला. इर्बिद शहरातल्या त्यांच्या ऑफिसात भाडेकरूंची आणि वारसांची भांडणं यायची. व्हिडिओ गेमचं प्रकरण पहिल्यांदाच आलं होतं.

"बाई, त्यांनी सगळ्यांची नावं मागितली आहेत. ज्याने ज्याने हात लावला, त्याचं."

नावं मागणारं पत्र परदेशातल्या कंपनीचं होतं. फार पूर्वी त्या कंपनीने एका घोडेस्वाराचा खेळ काढला होता. चार भाग विकले आणि स्वाराला एका कोरड्या विहिरीच्या काठावर उभं करून गोष्ट तशीच सोडून दिली. कुतैबा आणि रुदैना शाळकरी वयात एकाच गल्लीतल्या सायबर कॅफेत तो खेळायचे. मोठेपणी त्यांनी पाचवा भाग स्वतःच करायला घेतला. प्रोग्रॅम त्याचा, चित्रं तिची. सहा वर्षं गेली. मार्चमध्ये त्यांनी तो इंटरनेटवर फुकट ठेवला आणि अकराव्या दिवशी पत्र आलं. खेळाचं नाव आमचं, स्वार आमचा, घोडासुद्धा आमचा. चौदा दिवसांत सगळं काढा, प्रती नष्ट करा, नाहीतर कोर्टात या.

"आम्ही कोणाकडून एक दमडी घेतली नाही," कुतैबा म्हणाला. सकाळपासून हे तो चौथ्यांदा म्हणत होता.

"घेतली असती तर गुन्हा जास्त वाढला असता, एवढंच. वस्तू त्यांची ती त्यांचीच. निदान नाव तरी बदलायचं होतंत."

"नाव बदललं असतं तर खेळायला कोण आलं असतं?"

"अगदी हेच त्यांचं म्हणणं आहे," वकील म्हणाले.

रुदैनाने कागदावरचं बोट काढलं नाही. "नऊ वर्षं मी सरकारी नोकरीच्या यादीत ताटकळले. आत्ता कुठे मुलींच्या शाळेत चित्रकलेला लागले, तेही अजून कायम नाही. चौकशीचा साधा कागद आला तरी..."

कुतैबा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टेबलावरचं पेन उचललं.

"काढा. सगळं मी एकट्याने केलं."

"चित्रंसुद्धा?"

"चित्रंसुद्धा."

वकील उठून खिडकीशी गेले आणि खालची रहदारी बघत म्हणाले, "आत्ताचं तुमचं बोलणं मी ऐकलेलं नाही. पण हे प्रतिज्ञापत्र आहे. सही केलीस की उद्या 'तसं नव्हतं' म्हणायची सोय नाही."

कुतैबाने तीन ठिकाणी सही केली.

जिन्यात रुदैनाला रडू फुटलं. "तुझे उपकार मी कशी..."

"गप बस, वेडे," तो म्हणाला. "घरी जा आणि असेल नसेल ती सगळी चित्रं मला आणून दे. नष्ट करायचं तर मोजून करावं लागेल."

तिने डिस्क आणून दिली. वापरलेली चित्रं, न वापरलेली, कच्चे आराखडे, सगळं तिच्यात होतं. त्या आठवड्यात खेळ इंटरनेटवरून उतरला. लोकांनी चार दिवस कंपनीला शिव्या घातल्या आणि पाचव्या दिवशी ते दुसऱ्या कशाला तरी शिव्या घालू लागले.

ऑक्टोबरमध्ये कुतैबाने तिला युनिव्हर्सिटी रस्त्यावरच्या एका कॅफेत बोलावलं. ती पोचली तेव्हा डाळिंबाच्या रसाचे दोन पेले आधीच मागवलेले होते.

"कंपनीचा मेल आलाय," तो म्हणाला. "नवा भाग काढतायत. आपल्या खेळातली चित्रं त्यांना आवडली. चित्रकार हवाय, घरबसल्या काम."

रुदैनाचा हात पेल्यावरच थांबला. "कोणाला घेतायत?"

"कागदावर जो आहे, त्याला."

ती हसली. "तुला? तू घर काढलंस तर लोकांना बस वाटते!"

तो हसला नाही. "त्यांनी नमुने मागितले होते. पाठवले मी."

"कुठले?"

"आपण न वापरलेले. वादळातला घोडा. विहिरीतल्या पायऱ्या."

"ते नष्ट करायचे होते, कुतैबा."

"करणारच होतो."

"आणि मला विचारायचं नाही?"

"काय विचारू? तुझं नाव घेतलं की माझी सही खोटी. मी आत, तू चौकशीत." त्याने आवाज खाली आणला. "शाळेत कायम झालीस ना?"

"झाले."

"मग? ते तसंच राहू दे. तू काढ, मी पाठवतो. इतकी वर्षं आपण असंच तर काम करत होतो."

रुदैनाने पिशवी मांडीवर ओढली, पट्टा हाताला गुंडाळला, पण उठली नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुली मोबाईलवर फोटो काढत होत्या.

"गुरुवारी ते माझ्याशी व्हिडिओवर बोलणार आहेत," कुतैबा म्हणाला. "विचारतील. घोड्याच्या पोटाखालची सावली तू निळी का करतेस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने वही उघडून ठेवली होती.

"काळी केली की घोडा जमिनीला चिकटतो," ती म्हणाली. "निळीने तो उचलला जातो."

त्याने लिहून घेतलं. "आणि हे कुठे शिकलास असं विचारलं तर?"

"वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सुट्टीत मला न्यायचे शिडी धरायला. अक्षरांना ते अशीच सावली द्यायचे."

पेन चाललं आणि अडलं. "माझे वडील टायरवाले आहेत. दुकानाच्या पाटीसकट त्यांचा फोटो इंटरनेटवर आहे."

रुदैनाने पेल्याच्या तळाशी बसलेले डाळिंबाचे कण चमच्याने एका बाजूला गोळा केले.

"मग काका लिही."

त्याने 'वडील' खोडून 'काका' लिहिलं. तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं तिला, पण तो वर बघून म्हणाला, "आणि नाव विचारलं तर?"

"काका तुझे," रुदैना म्हणाली. "नाव तुला ठाऊक असेल."