फाट्यापर्यंतचा रस्ता

फावडं खांद्यावर टाकून शिवलिंगप्पा तळ्याच्या बांधावर आला आणि थबकला. आदल्या संध्याकाळी सारख्या केलेल्या मुरमावर सायकलच्या चाकांचा माग उठला होता. माग सरळ नव्हता. झिंगलेल्या माणसासारखा तो या कडेचा त्या कडेला जात होता, मध्येच तुटत होता, आणि जिथं तुटला होता तिथली खडी विसकटलेली होती.

या रस्त्यावर तशी वर्दळ नसायची. बहात्तरच्या दुष्काळात गावच्याच बायाबापड्यांनी खडी फोडून तो केला होता. एका अंगाला तळ्याचं पाणी, दुसऱ्या अंगाला बोडक्या टेकड्यांची रांग. पुढच्याच पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी वाहून गेली आणि ती परत कुणी बांधली नाही. ट्रक यायचे थांबले, गाड्याबैलांनी दुसरी वाट धरली. आता ओढ्यातून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाणारा एखादा माणूस, शेळ्या आणि हिवाळ्यात पाण्यावर उतरणारी पाखरं, एवढीच ये-जा. बांधकाम खात्याच्या लेखी मात्र तो रस्ता होता, आणि शिवलिंगप्पा त्याचा मैलकुली. खड्डे बुजवायचे, कडा बांधायच्या, गवत काढायचं. वाहन येत नाही म्हणून त्यानं कधी काम टाळलं नव्हतं.

मागाच्या मागोमाग तो वळणापर्यंत गेला. तिथं टेकडीच्या सावलीत त्याची सून चन्नम्मा मातीत बसली होती. शेजारी सायकल आडवी पडलेली. तिनं घाईनं डोक्यावर पदर घेतला आणि उठायला गेली, पण फुटलेल्या गुडघ्यानं साथ दिली नाही.

"बस, बस," शिवलिंगप्पा म्हणाला. मग त्याची नजर सायकलीवर गेली. गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेली सिदूची सायकल होती ती.

"मामा, रागावू नका," चन्नम्मा खाली बघत म्हणाली. "फाट्याच्या पलीकडल्या गावात बालवाडी निघतीया. सातवी शिकलेली बाई पायजे म्हणत्यात. चालत गेलं तर पोरं घरला जायच्या टायमाला पोचंन मी. म्हणून शिकत हुते."

"कवापासनं?"

"चार-पाच दिस झालं. पाण्याला जाते म्हणून येते."

शिवलिंगप्पानं सायकल उभी केली. हँडल वाकडं झालं होतं. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून त्यानं ते सरळ केलं. मग तिच्याकडं पाठ करून तो साखळी बसवत राहिला.

सिदू त्याचा एकुलता मुलगा. सोलापुरात गिरणीत कामाला होता. आठवडाभर तिकडे राहायचा आणि सुट्टीला सायकलीवरून गावी यायचा. सोलापुरापासून फाट्यापर्यंत अक्कलकोटची डांबरी सडक, तिथून पुढं हा तळ्याकाठचा रस्ता. दोन वर्षांपूर्वी फाट्यावर वळता वळता मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं. आपल्या रस्त्याला लागायला चार पावलं उरली होती.

तेव्हा शिवलिंगप्पा त्या डांबरी सडकेवरच कामाला होता. फाट्याचा तुकडा त्याच्याच हद्दीतला. पोलीस आले, गेले, गर्दी पांगली, आणि सडकेवरच्या डागावर मुरूम पसरायचं तेवढं राहिलं. मुकादम म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे शिवलिंगप्पा, दुसरा कुणी करंल." त्यानं ऐकलं नाही. पाटी भरून आणली, ओतली आणि हातानं सारखी केली. पुढं साहेबांना भेटून त्यानं तळ्याकाठचा रस्ता मागून घेतला. तो दुसऱ्या कुणाला नकोच होता.

घरी आल्यावर चन्नम्माचं गुडघा झाकून भागलं नाही. नागम्मानं, त्याच्या बायकोनं, सगळं वदवून घेतलं आणि ती चुलीपुढं मटकन बसली.

"ब्याड, चन्नम्मा," ती कानडीत म्हणाली. नको. मग मराठीत, नवऱ्याकडं वळून, "त्या लोखंडानं माझं लेकरू न्हेलं. आता ही बी जायाची हाय व्हय? आणि फाट्यावरनंच जावं लागतंय की."

फाट्याचं नाव त्या घरात दोन वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

"अत्ती, मी हितं काय करू सांगा," चन्नम्मा सासूला हळूच म्हणाली. "दळण झालं, पाणी झालं की तुमी माझ्याकडं बघून रडता आणि मी तुमच्याकडं बघून. आपली समजूत कोण घालनार? तितं लहान पोरं असत्यात. रडलं पोर तर कडंवर घेतलं की गप ऱ्हातंय."

भाकरी तव्यावर करपली तरी नागम्मानं ती उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शिवलिंगप्पानंच सायकल गोठ्यातून काढली. चन्नम्मा दाराशी उभी राहिली.

"चल," तो म्हणाला. "एकटीनं पडण्यापरीस मागनं कुणीतरी धरावं."

त्या महिन्यात सकाळी शेळ्या घेऊन येणाऱ्यांनी तळ्याच्या काठी एक तऱ्हा पाहिली. पुढं पदर खोचून सायकलीवर बसलेली सून, आणि मागं कॅरिअर धरून धापा टाकत पळणारा सासरा. मुरमावर चाक घसरायचं. तो ओरडायचा नाही. "लांब बघ, चाकाकडं बघू नगं," एवढंच म्हणायचा. सून उतरली की तो दताळं घेऊन उठलेली खडी परत बसवायचा. गावात हसणारे हसले. पारावर कुणीतरी म्हणालं, रांडमुंड बाईला सायकल शिकवतोय म्हातारा. शिवलिंगप्पा पाराजवळ थांबला. "व्हय, शिकवतोय," म्हणाला, आणि पुढं गेला.

अडचण मधल्या दांड्याची होती. इरकली लुगड्यात त्या दांड्यावरनं पाय टाकणं जमेना. चन्नम्मा दोनदा तोंडावर पडली. तेव्हा शिवलिंगप्पानं सोलापुरात नवी पेठेच्या मागं सायकलचं दुकान असलेल्या हुसेनसाबला निरोप धाडला. सिदूची सायकल तोच दुरुस्त करायचा. अपघातानंतर मोडलेलं चाक सरळ करून त्यानंच ती गावी पोचती केली होती, मोटारीच्या टपावर टाकून. स्वतः मात्र आला नव्हता.

या वेळी तो स्वतःच आला. दांडा नसलेली एक जुनी फ्रेम कॅरिअरला बांधून, फाट्यावरनं तळ्याच्या रस्त्यानं सायकल हाणत. ओढ्याचं पाणी ओलांडून तो अंगणात पोचला तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"सलाम, चाचा," तो म्हणाला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. मग अंगणात पोतं पसरून कामाला बसला. "चाकं सिदूचीच ठेवतो. सीट बी तीच. फकत फ्रेम बदलतो."

"ठेव," शिवलिंगप्पा म्हणाला.

काम करता करता हुसेनसाब एकदा थांबला. "दुकानात बसून लई बोलायचा ह्या रस्त्याचं. म्हणायचा, हुसेनसाब, फाटा सुटला की हॉर्न न्हाय, धूर न्हाय. एका बाजूनं पाणी पळतंय, एका बाजूनं डोंगर. एकदा चल. मी म्हणायचो, येतो की, दुकान कुटं सुटतंय." त्यानं पाना फिरवला. "आज बघितला. खरं सांगत हुता."

उंबऱ्याआड बसलेल्या नागम्मानं ते ऐकलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि हुसेनसाबपुढं जेवणाचं ताट ठेवलं. तो जेवेपर्यंत ती शेजारी बसून राहिली. "आनि काय बोलायचा?" तिनं विचारलं. हुसेनसाबला आठवेल तेवढं तो सांगत राहिला.

बालवाडी सुरू व्हायच्या दिवशी चन्नम्मानं सायकल अंगणातून काढली तेव्हा नागम्मा एक सुतळी घेऊन आली. ती खाली वाकली, सुनेच्या लुगड्याचा घोळ साखळीत जाऊ नये म्हणून पोटरीपाशी बांधला, गाठ ओढून पाहिली आणि आत गेली.

शिवलिंगप्पा त्याआधीच घरातून निघाला होता.

बांधावरून चन्नम्मा एकटी गेली. वारा टेकड्यांकडून येत होता आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. वळणं तिला पाठ होती. ओढ्यापाशी ती उतरली, तर पाण्यात ठरावीक अंतरानं मोठाले सपाट धोंडे बसवलेले. कालपर्यंत ते नव्हते. सायकल खांद्याला लावून ती कोरड्या पायांनी पलीकडे गेली.

फाटा जवळ आला तशी डांबरी सडकेवरची घरघर ऐकू यायला लागली. अक्कलकोटकडून एक भरलेला ट्रक उतारानं सुसाट येत होता. चन्नम्माचे हात हँडलवर घट्ट झाले.

तेवढ्यात बाभळीखालून शिवलिंगप्पा सडकेच्या मधोमध आला. खात्याचं जुनं खाकी जाकीट त्यानं अंगात घातलं होतं आणि हातात काठीला बांधलेलं लाल निशाण होतं. त्यानं ते डोक्यावर धरलं. ब्रेक करकरले. ट्रक त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबला, त्याच्यामागं एक एस.टी.ही थांबली.

"काय मामा?" ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. "काम चालू हाय? कुटं दिसंना."

"चालू हाय," शिवलिंगप्पा म्हणाला. "जरा थांबा."

चन्नम्मा तळ्याच्या रस्त्यावरून सडकेवर आली. त्या जागी आता खूण नव्हती; नवं डांबर पडून दोन उन्हाळे झाले होते. चाक एकदा हललं, सावरलं. तिनं सासऱ्याकडं पाहिलं नाही. त्यानं शिकवलं होतं तसं लांब बघत तिनं सडक ओलांडली आणि पलीकडच्या गाडीवाटेला लागली.

ड्रायव्हरनं एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा त्या पाठमोऱ्या बाईकडं. मग हात लांब करून इंजिन बंद केलं.

गाडीवाट पुढं बाभळींत वळत होती. तिथपर्यंत ती दिसली, मग नुसता पदर, मग काही नाही. शिवलिंगप्पानं निशाण तरीही थोडा वेळ वर धरून ठेवलं. ती हद्द आता त्याची नव्हती.