वह्या राखणारं पेव

मी पेव बोलतोय. बोलतोय खरा, पण तोंड वर करून बोलायची माझी लायकी उरलेली नाही.

वालूर गावच्या पांढरीत, व्यंकटराव मास्तरांच्या अंगणात मला खणलं. दोन पुरुष खोल, आत कडब्याचं अस्तर, वर अरुंद तोंड. सुगी झाली की ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. वर्षवर्ष दाण्याला कीड लागायची नाही. या गुणाचा मला लय माज होता.

मास्तर गोष्टी लिहीत आणि आधी येडबाला वाचून दाखवीत. येडबा मेंढरं राखणारा, त्याला अक्षरओळख नव्हती. तो हसला तर गोष्ट राहायची. त्यानं जांभई दिली की मास्तर पानावर काट मारायचे. त्याची बायको भिवराबाई करवादायची, मेंढरं सोडून कागदं काय राखता म्हणून. मास्तर वारले तेव्हा येडबा पोटच्या लेकीइतकाच रडला.

ती लेक म्हणजे चतुराबाई. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात घरांच्या झडत्या सुरू झाल्या. वह्यांत निजामी हुकूमतीची टिंगल होती. भाऊबंद तिला म्हणाले, चुलीत घाल आणि मोकळी हो. बापाची तेवढीच एक खूण, तिचा हात होईना. येडबानं वह्या घागरीत घातल्या, तोंड मेणानं बंद केलं आणि घागर माझ्या ज्वारीत पुरली. झडतीवाल्यांनी त्याला दोनदा चोपलं, पण त्यानं ब्र काढला नाही.

भादव्यात लष्कर आलं, निजामी संपली. पण तोवर माझं लिंपण तडकून पावसाचं पाणी आत उतरलं होतं. भिजलेली ज्वारी आंबली आणि माझ्या पोटात विषारी हवा धरली. राखणदार म्हणे मी!

पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. येडबानं सांजेला फरशी काढली. आंबूस वास वर आला. रात्री पाऊस आला म्हणून फरशी पुन्हा बसवली. सकाळी ती काढली आणि चतुराबाई कंदील आणायला वळली, तर येडबानं तिला थांबवलं.

"काल उघडलं व्हतं की, अक्का. हवा गेली आसंल. तिकडं वह्या भिजायल्यात."

फरशीखाली रातभरात हवा पुन्हा धरते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मला कळत होतं. मी काय करणार, मातीचा खड्डा! कमरेला दोर बांधून तो उतरला. वर दोर धरून शेजारचे दत्तराव आणि चतुराबाई. दोन्ही हातांनी ज्वारी उपसून त्यानं घागर काढली. दोर एकच होता. तो त्यानं कमरेचा सोडला आणि घागरीला बांधला.

घागर वर गेली. दोर परत खाली आला, तेव्हा तो धरायला येडबा उठला नाही. त्याची शेवटची धाप माझ्या पोटात गेली. ही लाज कुठं लपवू?

वह्या कोरड्या निघाल्या. आता परभणीहून माणसं येतात, वह्या छापायच्या म्हणतात, मला वाकून बघतात आणि म्हणतात, या पेवानं मास्तर राखले. चतुराबाई दर वेळी सांगते, येडबादादानं राखले. लोक मान डोलावतात आणि पुन्हा मलाच बघतात.

परवा गल्लीतल्या बायका आल्या, माझ्या तोंडाशी नारळ फोडला, फरशीला हळद-कुंकू लावलं. भिवराबाई मोकळ्या कपाळानं बाजूला उभी होती.

"लावा की," ती म्हणाली. "माझं त्यानंच नेलंय."

चतुराबाई, हे कुंकू पुसायला मला हात नाहीत. तू पूस, आणि बुजव मला.