पक्क्या रंगातला पाऊण तास

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, एका लहानशा विमानतळाच्या तिकीट खिडकीवर टांगलेली. माझ्या अंगावर डोंगरापलीकडच्या गावाचं नाव आहे आणि त्याखाली लिहिलंय, 'हवाई अंतर दोनशे दहा किलोमीटर. वेळ पाऊण तास.' यातला 'हवाई' हा शब्द नीट लक्षात ठेवा. त्यानेच माझा घात केला.

मला रंगवणारा पेंटर भारी चोखंदळ होता. रंग असा पक्का लावला की जन्मात जाऊ नये. तेव्हा मी अक्षर न् अक्षर खरी होते. रस्ता डोंगराला वळसे घालत अख्खा दिवस खायचा आणि आमचं छोटं विमान मात्र डोंगरावरून सरळ जायचं. लोक माझ्याखाली उभे राहून फोटो काढायचे. मी फुशारून गेले होते, खोटं कशाला बोलू?

मग ते विमान बंद झालं. आता आधी मोठ्या शहराला जायचं, तिथे ताटकळायचं आणि दुसरं विमान धरायचं. पोचेपर्यंत संध्याकाळ होते. खिडकीवरचा कारकून एकदा म्हणाला, ही पाटी उतरवू या. त्यावर व्यवस्थापक म्हणाले, "विमान बंद झालं, अंतर थोडंच बदललंय? राहू दे." आता सांगा, पाटीने डोकं आपटावं तरी कुठे?

परवा एक बाई धापा टाकत आली. पूर्वी माहेरी जाताना ती याच विमानाने जायची. त्या दिवशी तिच्या वडिलांच्या घशाची शस्त्रक्रिया होती आणि नंतर त्यांचा आवाज राहणार नव्हता. त्याआधी तिला त्यांच्याशी पोटभर बोलायचं होतं. तिने मला वाचलं आणि रांगेतूनच फोन लावला.

"बाबा, विमानतळावर आलेय. पाऊण तासाचा तर प्रवास."

"पाऊण तास ना, चिमे?" पलीकडून खरखरीत आवाज आला. "मग आता घसा कशाला शिणवू? आल्यावर बोलू." त्यांनी फोन ठेवला.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकली. ती खिडकीशी पोचल्यावर कारकून म्हणाला, "ताई, थेट विमान कधीच बंद झालं."

"अहो, वर पाटी लावलीय ना."

"ते हवाई अंतर आहे, ताई."

"मग विमान काय रस्त्याने जातं?"

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी भावाने उचलला. "अगं, डॉक्टर लवकर आले. बाबांना आत्ताच आत नेलं. तू येणार म्हणून घसा राखून बसले होते. कुणाशी एक शब्द बोलले नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं की बाबा, फोन ठेवू नका, आत्ताच बोला. पण माझ्याकडे नुसती अक्षरं, तीही दुसऱ्याने लिहिलेली.

सफाईवाल्या मावशी रोज सकाळी मला ओल्या फडक्याने लख्ख पुसतात आणि पाटी कशी नवीकोरी दिसते म्हणून व्यवस्थापक खूश होतात. माझा मात्र संताप संताप होतो. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी असल्या एखाद्या विमानतळाचा कारभार पाहील. तेव्हा माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल. तेवढा पाऊण तास पुसा.